वर्गातील मुले गरीब असली, तर माझी मुलगी मागे पडेल का?

प्रश्न : माझी मुलगी गावातील जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीत शिकते. आम्ही दोघे नोकरी करतो. तिच्या वर्गातील निम्म्याहून अधिक मुले मात्र ऊसतोड मजुरांची आहेत आणि दिवाळीच्या सुमारास त्यांतली बरीच आईवडिलांबरोबर कारखान्यावर जातात. चाचण्यांमध्ये शाळेची सरासरी कमी असते. अशा मुलांत राहून ती मागे पडेल, तिला तालुक्याच्या इंग्रजी शाळेत घाला, असे सासरची मंडळी म्हणतात. तिथे ती अधिक शिकेल आणि आनंदात राहील का?
— एक आई, बीड जिल्हा

उत्तर : सासरच्या मंडळींची शंका अगदीच निराधार नाही. अमेरिकेत जेम्स कोलमन यांनी सहा लाखांच्या आसपास विद्यार्थ्यांची पाहणी करून १९६६ साली जो अहवाल दिला, त्यात इमारती आणि साधनांपेक्षा घरची परिस्थिती, आणि तिच्या खालोखाल वर्गातील सोबती, यांचा गुणांशी अधिक संबंध दिसला होता. पुढेही अनेक देशांत जिथे गरीब मुले एकवटतात, त्या शाळांची सरासरी खालीच आढळते. मात्र ही सरासरी त्या शाळेत कोण येते हे सांगते. शाळा किती शिकवते हे तिच्यावरून कळत नाही. चार-पाच महिने फडावर काढलेल्या मुलाचे गुण धरून निघालेल्या सरासरीवरून वर्षभर वर्गात बसलेल्या आपल्या मुलीचा अंदाज कसा बांधणार?

आंध्र प्रदेशातील खेड्यांत कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन यांनी सोडत काढून सरकारी शाळांतील काही मुलांची खासगी शाळांची फी भरली. चार वर्षांनंतर सोडतीत नाव निघालेली आणि न निघालेली मुले तेलुगू व गणितात बरोबरीचीच होती. हिंदीत मात्र खासगी शाळांतली पुढे होती. हे सारे त्या शाळांनी कितीतरी कमी खर्चात केले, हेही नमूद करायला हवे.

आनंदाच्या बाबतीत शाळेच्या सांपत्तिक स्थितीचा संबंध गुणांइतका सरळ दिसत नाही. हर्बर्ट मार्श यांच्या संशोधनानुसार, सारख्याच कुवतीच्या दोन मुलांपैकी हुशार मुलांच्या शाळेतले मूल स्वतःला कमी लेखते. दिल्लीच्या महागड्या शाळांत गरीब मुलांना राखीव जागा मिळाल्यावर गौतम राव यांना श्रीमंत मुले अधिक उदार आणि कमी भेदभाव करणारी झालेली आढळली, अभ्यासात म्हणावे असे नुकसान न होता.

वर्गात खरी झळ बसते ती पाडव्याच्या सुमारास परतणाऱ्या मुलाला. हजेरीपटावर त्याचे नाव असते, पण वहीत भागाकाराची पाने कोरी असतात आणि शेजारचा मुलगा अपूर्णांकांवर पोहोचलेला असतो. ते मूल मागच्या रांगेत जाऊन बसते आणि विचारले तरी बोलत नाही. त्याच्यासाठी तोच धडा पुन्हा घ्यावा लागला, तर आपल्या मुलीला थांबावे लागेल, आणि एकाच शिक्षकाकडे दोन इयत्ता असल्या तर जास्तच. तेव्हा दिवाळीनंतर शिक्षक मुलांचे गट पातळीनुसार करतात का, मुलगी न अडखळता वाचते का, शाब्दिक उदाहरण स्वतः मांडते का, हे आपण प्रत्यक्ष पाहावे. उत्तर होकारार्थी असेल तर निदान यंदा शाळा बदलू नये, असे मला वाटते. नकारार्थी असेल तर बदलाचा विचार जरूर करावा, पण नव्या शाळेतही हेच प्रश्न विचारून.

शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के सदस्य पालक असतात. मजूर आईवडील हंगामात गावात नसतात, त्यामुळे मुलांना गावातच ठेवून जेवण-मुक्कामाची सोय करणाऱ्या हंगामी वसतिगृहाची मागणी आपल्यासारख्या पालकांनी समितीच्या बैठकीत मांडावी, आणि तीही गाड्या गावातून निघण्याआधी.