भोवरा पोरांच्या हातात द्यायचाय? आधी जाळीकडे (म्हणजे त्याच्या दोरीकडे) बघा

पहिल्याच दिवशी सगळ्यांना भोवरे वाटत बसू नका, आधी तुम्ही फिरवा आणि हातजाळी करून हवेतच तळहातावर घ्या, मग बघा पोरं कशी मागे लागतात! जाळी सुतीच घ्या, नायलॉनची सटकते. थोडी ओली करून आरीपासून, म्हणजे खालच्या खिळ्यापासून, वर घट्ट, वेढ्याला वेढा लावून गुंडाळायची, सैल राहिली की भोवरा नुसता गडगडत जातो आणि पोरं कंटाळतात, बहुतेकांचा नाद इथेच सुटतो. टाइल्सवर नको, कडक मातीचं अंगण बेस्ट. आणि हो, बेब्लेडवाल्यांना नावं ठेवू नका, बेब्लेड हा नव्या जमान्याचा भोवराच, तो १९९९ मध्ये जपानच्या ताकारा कंपनीने तिथल्या बेइगोमा नावाच्या जुन्या भोवऱ्यावरूनच काढला, आणि बेइगोमाही दोरी गुंडाळूनच फिरवतात, हे त्या पोरांना नक्की सांगा.