'सर्व' म्हणजे किती?

चि. मुलीस अनेक आशीर्वाद.

परवा रंकाळ्याच्या कट्ट्यावर तू सांगितलेस, की 'स्वतःलाच उचलता येणार नाही असा धोंडा देवाला घडवता येईल का' या तुझ्या प्रश्नावर आजोबा जपमाळ ठेवून आत निघून गेले. आणि आपण जिंकलो की त्यांना दुखावले, हे तुला कळेनासे झाले आहे. जिंकली वगैरे नाहीस. आधी 'सर्वशक्तिमान'मधले 'सर्व' म्हणजे काय ते लिहून काढ. तुम्हा दोघांचे 'सर्व' एक नव्हतेच.

तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस या ख्रिस्ती तत्त्वज्ञाने म्हटले, की ज्यात आत्मविसंगती आहे ते मुळात 'करण्याजोगे'च नसते, म्हणून ते न करता येणे ही शक्तीतली उणीव नव्हे. उलट फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तने १६३० च्या पत्रांत गणितातली सत्येही ईश्वराच्या इच्छेवर सोपवली. त्याच्या 'सर्व'पुढे विसंगतीची अडचणच उरत नाही, मग तुझा धोंडा कोणाला अडवणार? आणि 'कर्तुम् अकर्तुम् अन्यथा कर्तुम्' (करणे, न करणे, वेगळेच करणे, सारे ईश्वराच्या हाती) हे तू घोकतेस, पण ब्रह्मसूत्रभाष्यात (२.१.३४) शंकराचार्य ईश्वराला पावसाची उपमा देतात, ती वाच: पाऊस सर्वांना सारखाच, भात आणि जव वेगळे उगवतात ते बियाण्यामुळे, तसेच सुखदुःखातले वैषम्य जिवांच्या कर्मामुळे. कर्माची अपेक्षा ठेवणारा ईश्वर सर्वशक्तिमान कसा? वाद घालायचा तर इथे घाल.

ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेचे पाणी शहरात शिरले, तेव्हा निवाऱ्यात एक आजी ओल्या पिशवीतून देवघरातले टाक काढून, पदराने पुसून वर्तमानपत्रावर मांडत होत्या. त्यांनी विचारले, "सर, त्याला थांबवायला येत नव्हतं व्हय?" मी वर्गातल्या आवाजात तत्त्वज्ञ मॅकीचा १९५५ चा युक्तिवाद सुरू केला: ईश्वर सर्वशक्तिमान आहे, तो पूर्ण चांगला आहे आणि तरीही जगात अनिष्ट आहे, ही तीन विधाने एकत्र टिकत नाहीत. त्यांनी शेवटचा टाक पुसला आणि "असू दे" म्हणाल्या. त्यांचे 'सर्व' काय, हे मी विचारलेच नाही.

याच एका शब्दापायी माझा प्रबंध अकरा वर्षे रखडला. व्याख्या दोन पानांत संपवा, असे मार्गदर्शक सांगत राहिले; मी त्या प्रकरणाची एकशे चाळीस पाने केली. बढती गेली, आणि तरी ती पाने मी आजही कमी करणार नाही.

आजोबांची माफी मागत बसू नकोस, त्यांना ते रुचणार नाही. वही घेऊन शेजारी बस आणि 'सर्व' या शब्दापुढे त्यांचा अर्थ त्यांच्याच शब्दांत लिहून घे; मध्ये बोलू नकोस. रविवारी ती वही घेऊन ये.

कळावे,
तुझा सर