देवाने घेतलेली पावती

लाडक्या सोनूस,

परवा गाडीत मागच्या सीटवरून तू विचारलंस, "आई, दामाजीपंत चोर होते ना गं?" आणि मी "असं बोलू नये" म्हणून तुला गप्प केलं. उत्तर येत नसलं की मोठी माणसं असंच करतात. तुझ्या शाळेत बाईंनी तो पेच घातला होता: बायको मरायला टेकलीय, औषध परवडत नाही, नवरा ते चोरतो, तर चूक की बरोबर? नेमकी त्याच आठवड्यात रविवारच्या मराठी वर्गात दामाजीपंतांची गोष्ट झाली. तू दोन्ही जोडलंस आणि वर विचारलंस, "मराठी लोक अशा वेळी कुणाच्या बाजूने असतात?"

आधी गोष्ट पुन्हा सांगते, कारण तिचा शेवट वर्गात घाईत उरकला असणार. दामाजीपंत मंगळवेढ्याला बिदरच्या बादशहाचे अंमलदार. दुष्काळ पडला, माणसं दारात येऊन कोसळायला लागली, तेव्हा त्यांनी सरकारी कोठारं उघडली. धान्य त्यांचं नव्हतं, हे तुझं म्हणणं खरंच आहे. दुसऱ्याच्या मालावर उदार होण्याला आपल्याकडे "हलवायाच्या घरावर तुळशीपत्र" म्हणतात, आणि ते काही कौतुकाने म्हणत नाहीत. म्हणजे तुझी शंका आपल्या लोकांना फार आधीच आलेली होती.

पुढे चुगली झाली, शिपाई न्यायला आले आणि पंत निमूट निघाले. वाटेत पंढरपूरला विठोबाचं दर्शन घेतलं, ते शेवटचंच समजून. तिकडे बिदरच्या दरबारात मात्र विठू महार येऊन उभा राहिला होता. त्याने जोहार केला, पंतांचा माणूस म्हणून ओळख सांगितली आणि एक लहानशी थैली उपडी केली. धान्याची सगळी किंमत चुकती झाली. (ज्यांना देवळाची पायरी चढू देत नव्हते त्यांचंच रूप देवाने घेतलं, यावर वेगळं पत्र लिहायला हवं.) आणि मग, सोनू, त्याने पावती मागितली! शिक्क्याची पावती. ती पुढे पंतांना त्यांच्या गीतेच्या पोथीत सापडली.

लहानपणी मला ही पावती गमतीची वाटायची. देवाला कशाला हवी? आता वाटतं, सगळी गोष्ट त्या कागदासाठीच आहे. भुकेल्यांना खायला घातलं, म्हणून बादशहाचं देणं माफ, असं ही गोष्ट म्हणत नाही. धान्य वाटलं ते बरोबर, आणि त्याचे पैसे भरायचे होते तेही बरोबर. ही गोष्ट 1762 साली 'भक्तविजया'त सांगणारे महिपती स्वतः ताहाराबादचे कुळकर्णी होते. दप्तर सांभाळणारा माणूस पावती विसरेल कसा?

तुकोबांचंही तसंच. ते इंद्रायणीत वह्या बुडवतात ती गोष्ट तुला माहीत आहे, पण त्या वह्या त्यांच्या अभंगांच्या. त्याच्या आधी त्यांनी आणखी काही कागद त्याच नदीत सोडले होते: लोकांना दिलेल्या कर्जाची खतं. घरात वडिलोपार्जित सावकारी होती. 1630 च्या सुमाराला मोठा दुष्काळ पडला, त्यात त्यांची पहिली बायको "अन्न अन्न करितां मेली" असं त्यांनीच लिहून ठेवलंय. ज्यांच्याकडून येणं होतं त्यांच्याही घरी तीच दशा. कागद बुडवायचं ठरलं तेव्हा धाकटा भाऊ कान्होबा म्हणाला, तू साधू झालास, मला पोरंबाळं आहेत. मग तुकोबांनी खतांचे दोन वाटे केले. भावाचा वाटा भावाच्या हाती दिला आणि फक्त आपला नदीत सोडला.

मला बुडालेल्या कागदांपेक्षा ते न बुडालेले कागद जास्त आवडतात. सगळेच सोडले असते तर गोष्ट जास्त झगमगीत झाली असती, नाही का?

पण मग जिजाईचा वाटा? तुकोबांची दुसरी बायको. उसाची मोळी घेऊन घरी निघालेले तुकोबा वाटेत भेटेल त्या पोराला ऊस देत सुटले आणि दारात आले तेव्हा हातात एकच उरला. तिने रागाने तोच त्यांच्या पाठीत घातला, तर म्हणे ते हसून म्हणाले, बरं झालं, आयते तुकडे झाले. कीर्तनात इथे हमखास हशा पिकतो. मी मात्र आता हसत नाही. मला चूल दिसते आणि तिच्याभोवतीची पोरं दिसतात. खतं बुडवताना भावाला विचारलं, बायकोला विचारल्याचं कुणी सांगत नाही.

त्यागाची एक गोष्ट तर मला सोसतच नाही, श्रियाळ-चांगुणेची. अतिथी होऊन आलेला शंकर त्यांच्या चिलया बाळाचं मांस मागतो आणि आई पोराचं शिर उखळात कांडते. आमची आजी हे गाणं म्हणताना उखळाशी आली की आवाज खाली न्यायची, पदर डोळ्याला लावायची, आणि थांबायची मात्र नाही. शेवटी बाळ जिवंत होऊन धावत येतं. मी विचारायचे, "पण त्याला कुणी विचारलं होतं?" आजी म्हणायची, "गप ऐक." बघ, गाडीतलं माझं उत्तर कुठून आलं ते.

न्यायासाठी रामशास्त्री प्रभुणे आहेतच. 30 ऑगस्ट 1773 ला शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. गादीवर आलेल्या राघोबादादांना शास्त्रीबुवांनी सांगितलं की तुम्हाला देहांत प्रायश्चित्ताशिवाय दुसरं नाही, आणि पद सोडून पुण्यातून निघून गेले. ती शिक्षा कधीच झाली नाही. राघोबादादा दहा वर्षांनी कोपरगावला आपल्या मरणाने गेले. तरी लोक रामशास्त्र्यांचं नाव घेतात, कारण निकाल देताना त्यांनी पणाला लावलं ते स्वतःचं होतं.

तेव्हा मराठी लोक कुणाच्या बाजूने, याला माझ्याकडे एक उत्तर नाही. आजीची बाजू वेगळी, माझी वेगळी, आणि तुझी आताच वेगळी दिसतेय. पण बाईंनी तो पेच पुन्हा काढला तर एवढं विचारून ये: औषध पोटात गेल्यावर, दुसऱ्या दिवशी सकाळी, तो माणूस दुकानदाराकडे गेला का?

तुझी,
आई