झोपेत दात खाण्यावर औषध आहे का?

रात्री झोपेत कराकरा दात खाता, बायकोची झोपमोड होते, सकाळी जबडा धरलेला असतो आणि घरचे म्हणतात पोटात जंत झालेत, असं तुम्ही लिहिलंय. हमखास लागू पडेल अशी गोळी यावर नाही. आणि जंतांचा या त्रासाशी संबंध कुणी ठोसपणे दाखवलेला नाही, तेव्हा ते औषध घेऊन हे थांबेल अशी आशा ठेवू नका. लहान मुलं पुष्कळ दात खातात, मोठी होताना बहुतेकांचं आपोआप थांबतं. मोठ्यांमध्येही साधारण 8 ते 10 टक्के लोक खातात. मी त्यांतलाच.

होतं असं की झोपेत मेंदू मधूनमधून काही सेकंद जागेपणाच्या जवळ येतो. आपल्याला पत्ताही नसतो. तेव्हा आधी हृदयाचे ठोके वाढतात आणि मग चावायचे स्नायू आवळले जातात. म्हणजे सुरुवात दातांपासून होत नाही. दात वेडेवाकडे असल्यामुळे हे होतं हा समज आता मागे पडलाय, त्यामुळे केवळ एवढ्यासाठी कुणी चांगले दात घासून 'लेव्हल' करायला निघालं, तर आधी दुसऱ्या डेंटिस्टचं मत घ्या.

माझ्या डेंटिस्टने माप घेऊन वरच्या दातांवर बसणारा कडक अ‍ॅक्रिलिकचा नाइट गार्ड करून दिला. सुरुवातीला तोंडाला भयंकर लाळ सुटते, मग सवय होते. आता तो उजेडात धरला की उजव्या सुळ्यासमोर एक तिरकी खाच दिसते, नख अडकेल एवढी. एरवी ही झीज दातांची झाली असती. गार्डचं काम तेवढंच. दात खाणं तो थांबवत नाही. तयार मिळणारे मऊ गार्ड तर काही जण उलट जास्त चावतात.

म्हणून खरी चौकशी दुसरीकडे करा. तुम्ही घोरता का, झोपेत मध्येच श्वास अडकतो का, हे बायकोला विचारा, तिला तुमच्यापेक्षा जास्त माहीत असेल. तसं असेल तर स्लीप अ‍ॅप्नियाची तपासणी करून घ्या आणि ते डेंटिस्टलाही सांगा, कारण अशा काही लोकांचा श्वासाचा त्रास वरच्या गार्डने वाढतो. नैराश्यावरची फ्लुऑक्सेटिन, सर्ट्रालिन, व्हेन्लाफॅक्सिन यांसारखी औषधं चालू असतील तर त्यांनीही हे सुरू होऊ शकतं. गोळी मनाने बंद करू नका, ज्यांनी लिहून दिली त्यांना सांगा. सिगारेट, दारू आणि दिवसभराची कॉफी यांचाही हात असतो. 'टेन्शन घेऊ नका' हा सल्ला तुम्हाला मिळालाच असेल. ताणाने वाढतं हे खरं, पण सांगून कुणाचं टेन्शन गेलंय?

दिवसा मात्र एक गोष्ट तुमच्या हातात आहे. आत्ता हे वाचताना तुमचे दात एकमेकांना टेकलेत का बघा. खाणं आणि गिळणं सोडलं तर ते टेकायला नकोत: ओठ मिटलेले, दात सुटे. काम करताना मी तासातासाला बघतो आणि बऱ्याचदा जबडा आवळलेलाच सापडतो. तो सैल सोडायला लागल्यापासून सकाळी कानशिलं ठणकणं पुष्कळ कमी झालंय. रात्रीचा आवाज तसाच आहे, असं घरच्यांचं म्हणणं.

तोंड उघडताना जबडा अडकत असेल, किंवा एखाद्या दाताचा टवका उडाला असेल, तर बाकीचे प्रयोग राहू द्या, या आठवड्यातच डेंटिस्टला दाखवा.