पोरी, ती गाडी रस्त्यावर काढ

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझा फोन ठेवला आणि मी जरा चिडूनच बसलो. ओहायोतल्या कोलंबसमधल्या कुणा आजींच्या गॅरेजात तुला 1987 ची प्लिमथ रिलायंट मिळतेय, निळी, आतल्या मखमली सीट शाबूत, इथपर्यंत ऐकून मला उड्या मारायच्या होत्या. मग तू विचारलंस, "काका, गुंतवणूक म्हणून कशी आहे?" अगं, रिलायंट आहे ती. गुंठ्यावर घेतलेला प्लॉट नव्हे.

गुंतवणूक म्हणून शून्य. जुनीच घ्यायची तर मस्टँग घे म्हणणाऱ्या तुझ्या मित्रांनाही गप्प बसव. मस्टँग लोकांनी जपल्या. रिलायंट, शेव्हरलेची शेव्हेट, फोर्डची एस्कॉर्ट, डॉजची ओम्नी असल्या साध्या स्वस्त गाड्यांना कुणी जपलं नाही. त्या कामावर गेल्या, पोरांना शिकायला दिल्या, हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकतात त्या मिठाने खाल्ल्या आणि भंगारात गेल्या. लाखोंनी होत्या, म्हणूनच आज दिसत नाहीत. त्या वापरायलाच केलेल्या होत्या. तेव्हा माझं एकच सांगणं आहे, गाडी रस्त्यावर हवी.

ही गाडी आली तेव्हा ती बनवणारी क्रायस्लर कंपनी बुडायला टेकली होती. 1979 च्या अखेरीस अमेरिकन काँग्रेसने दीड अब्ज डॉलरच्या कर्जाला हमी दिली, 1981 च्या मॉडेलपासून या के-कार, म्हणजे रिलायंट आणि तिची भावंडं, आल्या, आणि 1983 मध्ये कंपनीचे प्रमुख ली आयाकोका यांनी ते कर्ज मुदतीच्या सात वर्षं आधी फेडून टाकलं. मिनीव्हॅनही याच सांगाड्यावरून निघाली. पण आम्हा विद्यार्थ्यांना त्याचं काय! पुढे तिघं, मागे तिघं बसतात आणि डिकीत तांदळाची पोती मावतात, एवढंच आम्ही पाहिलं.

तुझ्या बाबाची 1981 ची होती, सहाशे डॉलरची, चौथ्या की पाचव्या हाताची. पहिल्या वर्षीच्या त्या गाड्यांत मागच्या दारांच्या काचा खालीच होत नसत. ऑगस्टमध्ये आम्ही सहा जण नायगाराला गेलो, मी मागे मधोमध. टोलेडो येईपर्यंत माझा वरणभात झाला होता. थंडीत वेगळाच तमाशा. कार्ब्युरेटरची गाडी, ॲक्सिलरेटर एकदा दाबून सोडायचा, म्हणजे चोक बसतो, मग किल्ली. तुझा बाबा हटकून तीनदा दाबायचा, आणि मग पेट्रोलच्या वासात आम्ही दहा मिनिटं त्याच्या नावाने शंख करत उभे. आता तो तुला म्हणतो, "कशाला ते डबडं?" म्हणू दे. त्याच डबड्याला टेकून काढलेला फोटो त्याने साताऱ्याला आईला पाठवला होता.

माझी 1983 ची मी 1996 मध्ये पंचाहत्तर डॉलरला भंगारवाल्याला दिली. चालत होती! चांगली नोकरी लागली होती, ऑफिसच्या पार्किंगमध्ये लाज वाटायची. पुढे 2005 मध्ये तशीच एक, 1985 ची, शोधून आणली आणि दुसरी चूक केली. तिच्यावर ताडपत्री घातली. आज पाऊस आहे, उद्या रस्त्यावर मीठ आहे, परवा पाहुणे आहेत. तुझी काकू तिला 'देव्हारा' म्हणते. टाकीतलं पेट्रोल सडून चिकट झालं, उंदरांनी वायरिंग कुरतडलं, उभ्या उभ्या टायर तडकले. अकरा वर्षांत एकूण चाळीस मैल. चालवून गाडी मरते, मान्य. पण न चालवता ती जास्त लवकर मरते, हे मला यंत्रशास्त्राची पदवी असून कळलं नाही.

तेव्हा तुझी गाडी 'कोरी' करून द्यायला चौदा हजार डॉलर मागतोय म्हणालीस, त्या माणसाला रामराम ठोक. त्यानंतर तुला ती पावसात न्यायचा धीर होणार नाही. त्याऐवजी हे बघ. एक्केचाळीस हजार मैल म्हणतेस, पण मीटरचे आकडे मोज. त्या काळी पुष्कळ गाड्यांचं मीटर पाच आकडीच असायचं, म्हणजे ते एक लाख एक्केचाळीस हजारही असू शकतं. ब्रेकच्या पेडलचं रबर किती झिजलंय बघ, ते खोटं बोलत नाही. पायाखालचं कार्पेट उचल, दारांखालची पट्टी अंगठ्याने दाब, ब्रेकच्या नळ्या लिफ्टवर चढवून बघ. ओहायोचं मीठ तिथेच बसतं. टायर कितीही नवे दिसोत, बदल. टायमिंग बेल्टही बदल. या 2.2 लिटर इंजिनात तो तुटला तरी व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटत नाहीत, म्हणजे इंजिन मोडत नाही, पण रस्त्यात उभी राहशील. तुझ्या गाडीला कार्ब्युरेटरऐवजी 1986 नंतरचं, पेट्रोल आपोआप फवारणारं इंजेक्शन आहे, पेडलचे मंत्र लागणार नाहीत. एवढं कर आणि रोज ऑफिसला ने. रस्त्यावर, समजलं ना?

आता तू म्हणशील, काका, तुमची कुठे रस्त्यावर आहे? नाही. पण मिशिगनमध्ये हिवाळ्यात काय मीठ ओततात ते तू पाहिलेलं नाहीस, शिवाय माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, आणि वायरिंग नव्याने ओढायला माणूस मिळत नाही. मिळतो, महाग मिळतो. असो. माझं जाऊ दे.

मे महिन्यात ये. यूएस-23 ने सरळ वर, तीन-साडेतीन तास. बाबालाही आण, पण त्याला पुढे बसवू नकोस. मागे बसव आणि तुझ्या गाडीतली काच खाली होते हे सांगू नकोस. त्याचं त्याला हँडल सापडू दे.

तुझा,
काका