म्युझियममधल्या जुन्या ल्यूट, गिटार, हार्प वाजवत का नाहीत, आणि मग बघायचं तरी काय?

तुम्ही विचारलंय की म्युझियममध्ये जुनी तंतुवाद्यं बघितली, निम्म्यांना ताराच नाहीत, ज्यांना आहेत त्या ढिल्या, मग वाजवायचीच नसतील तर ठेवलीत कशाला आणि आमच्यासारख्याने त्यात बघायचं काय. मी काही वर्षं एका संग्रहात छेडून वाजवायच्या वाद्यांच्या नोंदी करायचं काम केलंय, म्हणजे माप घ्यायचं, आत आरसा घालून बघायचं, कुठे भेग आहे, कुठे जोड आहे ते लिहायचं. त्यामुळे हा प्रश्न मला पण सुरुवातीला रोज पडायचा आणि उत्तर कळायला बराच वेळ लागला.

आधी वाजवत का नाहीत ते सांगतो. ल्यूट म्हणजे अर्ध्या नासपतीसारखं पोट असलेलं जुनं युरोपियन तंतुवाद्य, ते हातात घेतलं की पहिला धक्का बसतो तो वजनाचा, एवढं मोठं पोट आणि उचलली तर रिकामी टोपली उचलल्यासारखं वाटतं. मागचा तो गोल भाग म्हणजे लाकडाच्या वाकवलेल्या पट्ट्या कडेला कड लावून सरसाने चिकटवलेल्या असतात, जाडी जेमतेम दीड मिलिमीटर, आणि वरची स्प्रूसची (एका सूचिपर्णी झाडाच्या लाकडाची) तबली, म्हणजे समोरची सपाट फळी, पण दीड-दोन मिलिमीटरचीच. आता ल्यूटच्या तारा दोन-दोनच्या जोडीने लावतात, सहा जोड्यांची ल्यूट म्हणजे बहुतेक वेळा 11 तारा, कारण सगळ्यात वरच्या सुराची एकटी असते, एकेका तारेचा ताण 3 किलोच्या आसपास धरा म्हणजे झाले तीसेक किलो, आणि ते त्या कागदासारख्या तबलीवर चिकटवलेल्या ब्रिजला, म्हणजे तारा जिथे बांधतात त्या लाकडी तुकड्याला, दिवसरात्र ओढत राहतात. नवं वाद्य हे सहन करतं कारण ते त्यासाठीच बनवलेलं असतं, पण 300-400 वर्षांनी लाकूड सुकलेलं असतं, तबलीला आतून आधार देणाऱ्या आडव्या पट्ट्या कुठे कुठे सुटलेल्या असतात, आणि सरस तर दमटपणा आणि ऊब मिळाली की मऊ पडतो, मग मान हळूहळू पुढे वाकते, तबली जाळीपाशी (मधल्या कोरीव गोल भोकापाशी) खचते. हे एका दिवसात होत नाही म्हणून लोकांना वाटतं की काही होत नाही.

माझ्यासमोर झालेली एक गोष्ट आहे. एका संग्रहातल्या साधारण 200 वर्षं जुन्या गिटारला कार्यक्रमासाठी तारा चढवल्या, दोन संध्याकाळी ती सुंदर वाजली, सगळे खूश, आणि तिसऱ्या आठवड्यात ब्रिजच्या शेजारी बोटभर भेग आणि आतली एक पट्टी सुटलेली. भेग सांधता आली पण ती पट्टी इतकी पोखरलेली होती की बदलावी लागली, आणि त्या पट्टीवर बनवणाऱ्याच्या रंध्याच्या खुणा होत्या, त्या गेल्या. मला अजून वाईट वाटतं त्याचं, कारण तो माणूस पट्टी कुठून किती तासायचा हे फक्त तिथेच लिहिलेलं होतं.

आणि समजा वाजवली तरी जो आवाज येईल तो त्या काळचा असेलच असं नाही, हा मुद्दा फार लोकांच्या लक्षात येत नाही. जुनी वाद्यं त्या त्या काळात वापरात होती, आणि वापरातली वस्तू लोक बदलत राहतात. 16व्या शतकात लाउक्स मालेरसारख्या कारागिरांनी इटलीत बोलोन्यात बनवलेल्या ल्यूटना पुढे इतका मान होता की पुढच्या दोनशे वर्षांत लोकांनी त्यांची पोटं ठेवली आणि मान कापून रुंद मान लावली, जास्त तारा बसाव्यात म्हणून, 11 जोड्या, 13 जोड्या. म्हणजे काचेमागे जी एक ल्यूट दिसते ती खरं तर दोन-तीन पिढ्यांच्या हातची असते. मूळ मानेसकट न बदललेली रेनेसांस काळातली ल्यूट इतकी दुर्मिळ आहे की व्हिएन्नाच्या कुन्स्टहिस्टोरिशेस म्युझियममधली गेओर्ग गेर्लेची 1580 च्या सुमाराची हस्तिदंती ल्यूट अभ्यासकांना देवासारखी वाटते. गिटारचं पण तेच, 1800 च्या आसपास पाच जोड्यांच्या गिटार सरसकट सहा सुट्या तारांच्या करून टाकल्या. स्ट्रादिव्हारी म्हटलं की सगळ्यांना व्हायोलिन आठवतं पण त्याने गिटार पण बनवल्या, 1688 ची एक ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियनमध्ये आहे, आणि 1679 ची साबिओनारी नावाची आहे ती 19व्या शतकात अशीच बदललेली होती, आपल्या काळात तिला परत पाच जोड्यांची केली आणि ती आज वाजवतात सुद्धा. म्हणजे वाजवणं अगदीच वर्ज्य नाही, पण त्यासाठी वाद्य तेवढं धडधाकट पाहिजे आणि प्रत्येकाचा वेगळा विचार करावा लागतो.

आता बघायचं काय. सगळ्यात आधी खुंट्यांकडे बघा. मी नोंदवलेल्या एका गिटारच्या डोक्याला 10 भोकं होती आणि त्यातली 4 वेगळ्या लाकडाच्या तुकड्यांनी बुजवलेली, वरून रंग मारलेला, पण तिरक्या उजेडात गोल कडा स्पष्ट दिसत होत्या. तेवढ्यावरून कळलं की ही आधी पाच जोड्यांची होती. मग ब्रिजच्या आजूबाजूला बघा, जुन्या ब्रिजची पुसट सावली कधी कधी शिल्लक असते. मानेवर पडदे धातूचे नसून तातीचे (आतड्याच्या दोरीचे) बांधलेले असतील तर मानेच्या मागच्या बाजूला त्या गाठींनी पडलेल्या बारीक खाचा दिसतात.

माझी सगळ्यात आवडती खूण म्हणजे करंगळीचा डाग. ल्यूट वाजवणारे उजव्या हाताची करंगळी तबलीवर टेकवून ठेवायचे, आणि वर्षानुवर्षं एकाच जागी टेकवल्यामुळे तिथे लाकूड झिजून काळपट होतं, एवढासा नखाएवढा ठिपका. तो जाळीजवळ आहे की ब्रिजजवळ यावरून हात कुठे असायचा हे कळतं, जुनी पद्धत जाळीच्या बाजूला, 17व्या शतकात हात ब्रिजकडे सरकला आणि आवाज जास्त टणक झाला. पहिल्यांदा तो ठिपका दिसला तेव्हा मी बराच वेळ हललो नव्हतो, कारण तिथे खरंच कोणाचं तरी बोट होतं.

आवाज ऐकायचा असेल तर त्यासाठी प्रतिकृती करतात आणि त्या याच मुक्या वाद्यांवरून होतात. 1893 मध्ये जुनी वाद्यं पुन्हा बनवणाऱ्या आर्नोल्ड डोल्मेचने ल्यूट बनवली, पण त्यानंतर कितीतरी वर्षं लोक ल्यूट बनवायचे त्या गिटारसारख्या जाड आणि जड असायच्या. कारागिरांनी म्युझियममधल्या मूळ ल्यूट नीट मोजल्या, तबलीची जाडी आणि आतल्या पट्ट्या बघितल्या, तेव्हा कुठे हलक्या ल्यूट व्हायला लागल्या आणि आवाज मोकळा झाला. आता तर सीटी स्कॅन करून वाद्य न उघडता आतली पट्टी न पट्टी मोजता येते. जपानमध्ये नाराच्या शोसोइन नावाच्या जुन्या खजिनाघरात 8व्या शतकातली पाच तारांची बिवा (ल्यूटसारखं वाद्य) आहे, त्या प्रकारची जगात उरलेली एकमेव, तिच्या तबलीवर नखीचा मार लागतो तिथे कासवाच्या पाठीचं कवच लावलंय आणि त्यावर शिंपल्याच्या जडणीत उंटावर बसून बिवा वाजवणारा माणूस आहे. तिला कोणी तारा लावून वाजवत नाही, पण तिची हुबेहूब नक्कल करायला सुमारे 8 वर्षं घेतली आणि तारांना रेशीम पण जुन्या जातीच्या किड्यांचं वापरलं.

कधी कधी तर वाद्य पण उरत नाही. इराकमधल्या ऊरच्या थडग्यांत उत्खनन करणाऱ्या लिओनार्ड वूलीला साधारण साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या लायर (चौकटीत तारा ताणलेली, हार्पसारखी वाद्यं) सापडल्या तेव्हा लाकूड कुजून गेलेलं होतं, मातीत नुसती पोकळी उरलेली. त्याने त्या पोकळीत प्लास्टर ओतलं आणि वाद्याचा आकार बाहेर काढला. आज ब्रिटिश म्युझियममध्ये जी राणीची लायर दिसते तिचं लाकूड नवं आहे, जुनं आहे ते बैलाच्या डोक्याचं सोनं, लाजवर्दी दगड, शिंपले.

एक गोष्ट आपल्या लोकांनी जरूर बघावी. ब्रुसेल्सच्या वाद्यसंग्रहालयात कलकत्त्याच्या राजा सौरींद्रमोहन टागोरांनी 1876 मध्ये बेल्जियमच्या राजाला पाठवलेली शंभरच्या आसपास भारतीय वाद्यं आहेत. तिथला पहिला क्युरेटर माहियों याने जगभरच्या वाद्यांचं जे चार गटांत वर्गीकरण केलं त्यावर आपल्या तत (तारांची), सुषिर (फुंकायची), अवनद्ध (कातडं ताणलेली), घन (एकमेकांवर आपटायची) या नाट्यशास्त्रातल्या विभागणीचा प्रभाव होता, आणि त्याच्याच पायावर 1914 चं हॉर्नबोस्टेल-साक्स वर्गीकरण उभं राहिलं जे आजही म्युझियममध्ये वापरतात.

तर पुढच्या वेळी गेलात की काचेसमोर सरळ उभे राहू नका, थोडं खाली वाकून वाद्याच्या कडेने तिरकं बघा, तबली कुठे खचलीये, खुंट्यांची भोकं कुठे बुजवलीत ते लगेच दिसायला लागतं. आणि ल्यूट असेल तर जाळी आणि ब्रिजच्या मधला तो ठिपका शोधा.