"नातवाला आजीची किंमतच नाही"

"ताई, याला आजीची काही किंमतच नाही." जानेवारीत जळगावात माझ्याकडे सल्ल्यासाठी आलेल्या एका आईचं हे पहिलंच वाक्य. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) मुलगा साडेपाच वर्षांचा. आजोबा गेल्यावर आजी अमळनेर तालुक्यातलं गाव सोडून यांच्याकडे राहायला आलेली. नातू तिच्या अहिराणीला हसायचा, तिने वाढलेलं ताटात बाजूला सारायचा. एकदा तर "तू तुझ्या घरी जा" म्हणाला. त्या रात्री आजी जेवली नाही.

असे आईवडील माझ्याकडे नेहमी येतात, म्हणून लिहिते आहे. समोरच्याच्या मनात आपल्यापेक्षा वेगळं काही असतं, हे मुलाला साधारण चार-पाच वर्षांचं होताना उमगायला लागतं. नुकतंच. ताटात गरम भाकरी आली एवढंच त्याला दिसतं. ती थापणारे दुखरे हात दिसत नाहीत, ते दाखवावे लागतात.

"आज आजीने तुझ्यासाठी काय केलं?" असं रोज रात्री विचारा, हा माझा पहिला सल्ला. आठवड्याभरात त्याची तोंडी परीक्षा झाली. उत्तर आलं नाही की आई रागवायची, आणि बोलणी खावी लागायची ती आजीमुळे! चूक माझी होती. लगेच बंद करायला सांगितलं.

मग म्हटलं, त्याला आजीच्या हाताखाली द्या. रविवारी सगळे गावी शेतात गेले, भरिताचा बेत. कपाशीच्या काड्या गोळा करायचं काम याचं. आजीने जाळावर हिरवी वांगी भाजली आणि गरम गरमच सोलायला घेतली. यानेही एकाला हात लावला, चटका बसला, हात झटकला. मग कितीतरी वेळ तिच्या बोटांकडेच बघत राहिला.

"तुला भाजत नाही?"

"भाजस ना रे भाऊ," आजी म्हणाली.

त्या दिवशी कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, भाकरीचा पहिला घास त्याने आजीला भरवला, असं आईने कौतुकाने सांगितलं. मला मात्र त्याचं ते बघत राहणं जास्त मोलाचं वाटलं.

आईला मी आणखी एक विचारलं होतं, "सासूबाईंशी तुम्ही दोघं दिवसभरात काय बोलता?" ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "गोळी घेतली का, एवढंच." तिचे डोळे भरून आले. ती वाईट सून नव्हती, नोकरी आणि घर यात दमलेली होती. पण नातू घरात तेवढंच ऐकत होता.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आजोबांच्या नावाने घागर भरली. शेजारी आंबे, सांजोऱ्या, डांगर म्हणजे खरबूज. नातवाने विचारलं, "आजोबांना डांगर आवडायचं?" आजी घागरीजवळच बसली आणि सांगत सुटली, अहिराणीतच. तो हसला नाही. मध्ये एकदा उठला, तिच्यासाठी पाण्याचा तांब्या घेऊन आला आणि म्हणाला, "मग पुढे?"